नाहीसे करणे

‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची दुसरी आवृत्ती १९३७ साली निघाली. तिच्या प्रस्तावनेत बाबासाहेब आंबेडकर पुस्तकाच्या भाषांतरांची नोंद जाता जाता करतात: गुजराती आणि तमिळ भाषांतरे झाली आहेत, मराठी, हिंदी, पंजाबी आणि मल्याळम भाषांतरांचे काम चालू आहे. मराठी वाचकाने ही नोंद दोनदा वाचावी. पहिल्या आवृत्तीच्या दीड हजार प्रती मे १९३६मध्ये मुंबईत छापल्या गेल्या आणि दोन महिन्यांत संपल्या. लेखक मराठी, छपाई मुंबईची, तरी मराठीच्या आधी पुस्तक तमिळमध्ये पोहोचले. ते पोहोचवले पेरियार ई. वे. रामसामी यांच्या ‘कुडि अरसु’ या साप्ताहिकाच्या मंडळींनी, आणि त्याचे नाव ठेवले ‘जातियै ओऴिक्क वऴि’. शब्दाला शब्द ठेवला तर ‘जात घालवण्याची वाट’ असे काहीतरी होईल. ‘काहीतरी’ म्हणण्याचे कारण पुढे येईलच.

तमिळमधून मराठीत भाषांतर करताना हे नाव पुन्हा पुन्हा समोर येते. चेन्नईतला निबंधकार ते सहज लिहून पुढे जातो आणि भाषांतरकार तिथेच थांबतो. इंग्रजी नाव ठेवावे तर तमिळ लेखकाच्या मनातले क्रियापद हरवते. पुस्तकाचे रूढ मराठी नाव घालावे तर दुसरेच क्रियापद येऊन बसते. शिवाय रूढ म्हणावे असे एक नावही मराठीत नाही. कुठे ‘जातिभेद निर्मूलन’, कुठे ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’, कुठे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’. एकाच इंग्रजी शब्दाची ही तीन रूपे म्हणजे त्या पुस्तकाची तीन वाचने आहेत, आणि तिन्ही वाचनांत दोन इंग्रजी शब्दांची सरमिसळ झाली आहे असे मला वाटते. ते शब्द म्हणजे अ‍ॅबॉलिशन आणि अ‍ॅनिहिलेशन.

कोशात हे दोन्ही शब्द शेजाऱ्यांसारखे राहतात. दोन्ही लॅटिनमधून आले आणि दोन्हींचा अर्थ संपवणे असाच दिला जातो. पण त्यांचे कर्म वेगळे आहे. अ‍ॅबॉलिश करता येतो तो कर, कायदा, हुद्दा, प्रथा, सरंजाम. डोंगर अ‍ॅबॉलिश करता येत नाही, डासही नाही. या क्रियापदाला अधिकार असलेला कर्ता लागतो: राजा, संसद, परिषद. आणि त्याला तारीख असते. ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार १८०७मध्ये बंद केला, साम्राज्याच्या मोठ्या भागातली गुलामगिरी १८३३च्या कायद्याने. अमेरिकेत १८६५ची तेरावी घटनादुरुस्ती. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली ती याच अ‍ॅबॉलिशनच्या कौतुकाने. ती अर्पणपत्रिका लिहिताना आपल्याकडेही असा एखादा दिवस यावा ही आस त्यांच्या मनात असणारच.

तारखेचा दिवस उजाडतो खरा, पण त्या शब्दातच एक पळवाटही असते. तेराव्या दुरुस्तीने गुन्ह्याची शिक्षा म्हणून लादलेले दास्य वगळले. कंपनी सरकारचा १८४३चा पाचवा कायदा तर आणखी सावध होता. गुलामावरचा धन्याचा हक्क न्यायालये मानणार नाहीत, एवढेच त्याने ठरवले. मद्रास इलाख्यातल्या भातशेतीवर राबणाऱ्या दलित जातींच्या दृष्टीने कायद्याने फक्त नजर वळवली. दास्य कर्जाच्या कागदावर पुढे चालू राहिले. डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांनी १९३५च्या त्यांच्या पुनर्रचनेवरच्या ग्रंथात ‘अ‍ॅबॉलिशन डेमॉक्रसी’ ही कल्पना मांडली ती याच अनुभवातून. गुलामगिरी मोडल्यावर तिच्या जागी शाळा, जमीन, मताधिकार उभे केले नाहीत तर मोडण्याला अर्थ राहत नाही, हे त्यांचे सांगणे होते. म्हणजे अ‍ॅबॉलिशन हा शब्द उथळ नाही. तो राज्यसंस्थेचा शब्द आहे, इतकेच.

अ‍ॅनिहिलेशनच्या पोटात ‘निहिल’ आहे, म्हणजे काहीच नाही. एखादी गोष्ट ‘नाही’पर्यंत नेणे. याला अधिकारपद लागत नाही आणि तारीखही देता येत नाही, कारण ‘काही नाही’ कधी झाले हे कोण ठरवणार? एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पंडितांनी निर्वाणाचा अर्थ याच शब्दाने लावला आणि बौद्ध धर्म शून्यवादी असल्याची आवई उठवली. बौद्ध ग्रंथांतल्या ‘उच्छेदवादा’ला इंग्रजीत आजही अ‍ॅनिहिलेशनिझम म्हणतात. पुढे ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ लिहिताना बाबासाहेबांना बुद्ध उच्छेदवादी होता का, या प्रश्नाला उत्तर द्यावे लागले. वीस वर्षांपूर्वी आपल्या पुस्तकाच्या कपाळावर लावलेला शब्द त्यांच्यासमोर असा वेगळ्या वेशात परत आला. आजच्या वाचकाला त्यात आणखी एक छटा ऐकू येते, माणसे मारण्याची. १९७०च्या आसपास नक्षलवाद्यांनी ‘वर्गशत्रू’साठी हाच शब्द वापरला होता. १९३६च्या पुस्तकात कर्म माणूस नाही, जात आहे, हे दर पिढीला पुन्हा सांगावे लागते.

आता प्रश्न असा, की बाबासाहेबांनी हा शब्द तोलून घेतला होता का?

भाषण लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले. मंडळाच्या नावातच क्रियापद आहे, तोडणे. छापील मजकूर पाहून मंडळी बिचकली. धर्मग्रंथांवरचा हल्ला आणि हिंदू समाज सोडण्याची घोषणा त्यांना गाळून हवी होती. स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळवले. परिषद बारगळली आणि भाषणाचे पुस्तक झाले. स्वल्पविरामावर अडून बसणारा लेखक शीर्षक सहज ठेवील असे वाटत नाही. पण आतला मजकूर वाचताना आपला सिद्धांत नीटनेटका करण्याचा मोह आवरावा लागतो. भाषणात ते एकाच शब्दाला चिकटून राहत नाहीत. मोडणे येते, नष्ट करणे येते, अ‍ॅबॉलिशही येते, आणि एका ठिकाणी तर जात अ‍ॅबॉलिश कशी करायची असाच प्रश्न येतो. शब्दांचे कोष्टक करून त्यांनी लिहिले नाही.

तरीही अ‍ॅबॉलिश कुठे येते हे बघण्यासारखे आहे. पोटजाती रद्द करा या सुधारकी सूचनेच्या संदर्भात ते येते, आणि ती सूचना बाबासाहेब फेटाळतात: पोटजाती गेल्या तर जाती बळकटच होतील. (आजच्या मराठी वधू-वर जाहिरातींतला ‘पोटजातीची अट नाही’ हा उदार मजकूर वाचताना मला दर वेळी हे पान आठवते.) पुरोहितशाहीबद्दलही तेच क्रियापद. पुरोहितपद रद्द झाले तर उत्तम, पण ते शक्य दिसत नसल्यामुळे ते निदान वंशपरंपरेने न चालता सरकारी परीक्षा आणि सनद यांवर चालावे, अशी सूचना ते करतात. म्हणजे जिथे हुद्दा आहे, संस्था आहे, जिथे सरकारचा हात पोहोचतो, तिथे अ‍ॅबॉलिश. पण भाषणाचा गाभा येतो तेव्हा ते सांगतात की जात ही विटांची भिंत नव्हे आणि काटेरी तारही नव्हे; ती मनाची धारणा आहे, आणि त्या धारणेला शास्त्रांच्या पावित्र्याचा आधार आहे. भिंत पाडायला हुकूम पुरतो. धारणेला पुरत नाही. म्हणून शीर्षकात दुसरा शब्द. निदान माझे वाचन असे आहे.

तेरा वर्षांच्या आत याच माणसाला दुसरे क्रियापद चालवावे लागले. संविधानाचे सतरावे कलम अस्पृश्यता अ‍ॅबॉलिश करते. लगेच पुढचे अठरावे कलम किताब अ‍ॅबॉलिश करते. रावबहादूर आणि अस्पृश्यता, दोघांना एकच क्रियापद! संविधानाच्या मराठी पाठात दोन्हीकडे ‘नष्ट करणे’ आहे, हिंदीत दोन्हीकडे ‘अंत’. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने अस्पृश्यतेचे कलम मंजूर केले तेव्हा सभागृहात महात्मा गांधींचा जयजयकार झाला, अशी कामकाजात नोंद आहे. मसुदा समितीचा अध्यक्ष समोर बसलेला असताना हा जयजयकार व्हावा, यात पुष्कळ काही आले. १९३६च्या जुलैत ‘हरिजन’मध्ये गांधींनी या पुस्तकावर लिहिले तेव्हा त्यांचीही भूमिका अस्पृश्यता काढून टाकण्याची होतीच, वर्ण मात्र ते राखू पाहत होते. जातीचे एक आचरण रद्द करणे आणि जात ‘नाही’पर्यंत नेणे, या दोहोंतले अंतर तेव्हाच उघडे पडले होते. कलमाने पहिले केले, आणि कलमाला तेवढेच करता येते.

आता मराठी शीर्षकांकडे. त्यांच्या उत्तरार्धाआधी पूर्वार्ध बघू, कारण तिकडे कोणी फारसे बघत नाही. इंग्रजीत नुसते ‘कास्ट’ आहे. मराठीत त्याला शेपूट लागते: भेद, संस्था, प्रथा. ‘जातिभेद’ म्हटले की जात तशीच राहून भेद तेवढा जाऊ शकतो. सगळ्या जाती गुण्यागोविंदाने नांदोत, असेही त्यात बसते. ‘जातिप्रथा’ म्हटले की ती हुंडा किंवा बालविवाहासारखी एक वाईट चाल ठरते. ‘जातिसंस्था’ समाजशास्त्राला धरून आहे, पण संस्था म्हटली की ती विसर्जितही करता येते, सहकारी पतपेढीसारखी. तिन्ही शेपटे मूळ नावाला अ‍ॅबॉलिशनच्या आवाक्यात आणून ठेवतात. जात हा उघडा शब्द क्रियापदासमोर उभा करायला मराठी संकोचते. रोजच्या बोलण्यात मात्र हा संकोच नाही. जी जात नाही ती जात, हे आपण सर्रास म्हणतो, आणि त्यात जातच कर्ता असते, आपण कोणी नसतो. हा विनोद मला फार सोयीचा वाटत आला आहे.

उत्तरार्धात ‘निर्मूलन’ व्युत्पत्तीने सर्वांत चांगले. बाबासाहेबांचा रोख मुळावर, शास्त्रप्रामाण्यावर होता, आणि हा शब्द मुळापर्यंत जातो. पण शब्द व्युत्पत्तीवर जगत नाहीत. हिवताप निर्मूलन, दारिद्र्य निर्मूलन, भ्रष्टाचार निर्मूलन अशा पाट्यांनी त्याची धार बोथट केली. निर्मूलन म्हटले की कार्यक्रम, उद्दिष्ट, तालुका समिती डोळ्यांसमोर येते. अपवाद एक: १९८९मध्ये स्थापन झालेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या शब्दाची किंमत मोजली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर तो नुसता सरकारी शब्द उरला नाही. तरीही वाचक पुस्तक हातात घेतो तेव्हा त्याच्या कानात आधी फलक वाजतो, असा माझा अनुभव आहे.

‘उच्चाटन’ हा मुळात तंत्रमार्गातला शब्द. षट्कर्मांत उच्चाटन आणि मारण ही वेगवेगळी कर्मे आहेत. उच्चाटन म्हणजे हुसकून लावणे. हुसकलेला मरत नाही, दुसरीकडे जातो. गावातून हुसकलेली जात शहरात भाड्याच्या घरासाठी विचारपूस करताना भेटते, तिथून परदेशातल्या नोकरीतही जाते. एका अर्थी हा शब्द नकळत खरे बोलतो, पण शीर्षकाला हे खरे अभिप्रेत नव्हते. ‘विध्वंसन’ जोराच्या बाबतीत मूळ शब्दाच्या सर्वांत जवळ. पण ध्वंस वास्तूचा होतो, आणि मागे अवशेष उरतात. जात भिंत नाही असे सांगणाऱ्या पुस्तकाला भिंत पाडण्याचा शब्द. शिवाय १९९२नंतर विध्वंस म्हटले की कोणाच्याही मनात आधी अयोध्या उभी राहते. याला भाषांतरकार जबाबदार नाही, पण कान तर बदललेला आहे.

याच काळात मराठीत आणखी एक शब्द होता. सावरकरांच्या या विषयावरच्या लेखनाचा संग्रह ‘जात्युच्छेदक निबंध’ या नावाने प्रसिद्ध आहे. उच्छेद हा अ‍ॅनिहिलेशनला धरून असलेला शब्द, वर पाहिल्याप्रमाणे बौद्ध परंपरेतलाही. पण सावरकरांची मांडणी सात ‘बेड्या’ तोडण्याची आहे: वेदोक्तबंदी, स्पर्शबंदी, रोटीबंदी, बेटीबंदी आणि बाकीच्या. बेडी आणि बंदी या गोष्टी रद्द करता येतात. नाव उच्छेदाचे आणि आतला मजकूर अ‍ॅबॉलिशनचा, असा हा उलटा प्रकार.

आणि मग एक शब्द असा, जो पंडितांनी नव्हे तर महसूल खात्याने वापरला. वतने गेली तेव्हाच्या कायद्यांची मराठी बघा. वतन ‘नाहीसे करणे’ हा प्रयोग तिथे रुळलेला आहे. १९५८च्या कनिष्ठ गाव वतनांच्या कायद्याने महार वतन संपले. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले होते. शेवट बघायला ते राहिले नाहीत. इंग्रजी कायद्यात अर्थातच अ‍ॅबॉलिशन आहे. पण मराठी कारकुनाने किंवा भाषांतर विभागातल्या कोणीतरी जो शब्द घातला तो अंगाने अ‍ॅनिहिलेशनचाच आहे. नाहीसे म्हणजे ‘नाही’सारखे. निहिलपर्यंत नेणे आणि नाहीसे करणे यांत जोडाला जोड बसतो. बोलीतला शब्द आहे, कुणालाही कळतो, त्यात रक्त नाही, वास्तू नाही, तालुका समिती नाही. ‘जात नाहीशी करणे’ असे नाव या पुस्तकाला कुणी का दिले नसेल, याचे मला बरेच दिवस नवल वाटत होते. संस्कृत शब्दाशिवाय गंभीर पुस्तकाला भारदस्तपणा येत नाही ही आपली जुनी समजूत, हे एक कारण असेल. दुसरे कारण मला तमिळकडून कळले.

तमिळमध्ये या कामाला दोन क्रियापदे आहेत, ऐकायला जवळची: ओऴि आणि अऴि. अऴि म्हणजे नाश करणे, पुसून टाकणे. पाटीवरचे पुसतात ते अऴि. खोडरबराला अऴिप्पान म्हणतात. शैव सिद्धांतातल्या शिवाच्या पाच कृत्यांत तिसरे, संहार, तेही अऴि. अ‍ॅनिहिलेशनला हे सरळ उत्तर होते. ‘कुडि अरसु’ने ते घेतले नाही. घेतले ओऴि.

ओऴि म्हणजे संपणे, उरू न देणे, रिकामे करणे. चेन्नईच्या काही घरांत रात्री जेवणे झाल्यावर ‘भांडी ओऴिच्चु टाक’ अशा अर्थाचे वाक्य ऐकू येते. म्हणजे उरलेसुरले काढून भांडी रिकामी कर, घासायला टाकायची आहेत. महापालिकेचे डास मारण्याचे काम ते ‘कोसु ओऴिप्पु’, वेठबिगारी संपवण्याचा कायदा तोही ओऴिप्पु, दारिद्र्य निर्मूलन तेही. भिंतींवरच्या आणि मिरवणुकांतल्या ‘ओऴिग!’चा अर्थ ‘मुर्दाबाद’च्या जवळचा, पण व्याकरणाने ते विध्यर्थी आहे: नाहीसे होवो. आणि सतराव्या कलमाच्या तमिळ पाठात अस्पृश्यतेला जे क्रियापद लागते तेही ओऴिच. इंग्रजीने ज्या दोन गोष्टी दोन शब्दांत ठेवल्या, त्या तमिळ राजकारणाने एका शब्दात आणल्या. हुकूम, कार्यक्रम, घोषणा, रिकामे करणे, सगळे एकत्र.

याचा परिणाम भाषेपुरता राहिला नाही असे मला वाटते. अस्पृश्यता ओऴि करता येते तर त्याच वाक्यात जात का नाही, हा प्रश्न तमिळमध्ये सहज उभा राहतो. पेरियारांनी तो विचारला. २६ नोव्हेंबर १९५७ रोजी त्यांच्या अनुयायांनी जातीला थारा देणारी संविधानाची कलमे जाळली आणि हजारो लोक तुरुंगात गेले. डिसेंबर १९७३मध्ये मद्रासला भरलेल्या परिषदेत त्यांनी सतराव्या कलमातल्या ‘अस्पृश्यता’ या शब्दाच्या जागी ‘जात’ हा शब्द घालण्याची मागणी ठरावात आणली. त्यानंतर काही दिवसांत ते वारले. इंग्रजीत ती मागणी ऐकली तर विचित्र वाटते. धारणा कायद्याने रद्द करा, असे कोणी म्हणते का? तमिळमध्ये ती व्याकरणाइतकी सरळ आहे. बाबासाहेबांचे पुस्तक वाचणाऱ्याने या मागणीला भोळी म्हणू नये. तमिळनाडूच्या शालेय पुस्तकांत सुरुवातीलाच अस्पृश्यता पाप आहे, गुन्हा आहे, अमानुष आहे असे छापलेले असते. तिन्ही विशेषणे अस्पृश्यतेला. जातीबद्दल त्या पानावर काही नाही. पेरियारांचे बोट नेमके त्या रिकाम्या जागेवर होते.

पण ओऴिला एक जुळे भावंड आहे, आणि मराठी भाषांतरकाराची खरी परीक्षा तिथे होते. तमिळमध्ये ‘ळ’ वेगळा आणि ‘ऴ’ वेगळा. आपण दोन्ही ‘ळ’नेच लिहितो: तमिळ, कळघम. ओऴि म्हणजे नाहीसे करणे. ‘ळ’ असलेले ओळि म्हणजे लपणे, लपवणे. ऴचा उच्चार अनेक तमिळ बोलणारेही ळसारखाच करतात, संदर्भाने अर्थ कळतो. पण देवनागरीत ‘जातियै ओळिक्क वळि’ असे लिहिले तर त्याचा अर्थ होतो जात लपवण्याची वाट.

ही केवळ लिपीची गंमत राहिली असती तर तिच्यावर परिच्छेद खर्च केला नसता. फेब्रुवारी १९२९मध्ये चेन्नईजवळ चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची पहिली प्रांतिक परिषद भरली. नावामागे जातीची उपाधी लावू नये, असा ठराव तिथे झाला आणि तो खरोखर अमलात आला. आज इथे माणसाच्या नावात वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते, आडनाव नसते. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला पहिल्यांदा हे मोकळेपण सुखावते. आडनाव ऐकून माणूस मनातल्या मनात खणात ठेवण्याची आपली सवय इथे चालत नाही. मग कळते की खण आहेतच, फक्त त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या काढल्या आहेत. गाव कुठले, घरात काय शिजते, कुठल्या देवळाचे, लग्न कुठे झाले, अशा प्रश्नांनी लोक तिथे पोहोचतातच. ओऴि आणि ओळि यांत एका टिंबाचे अंतर आहे. ठराव फसला असे मी म्हणत नाही. नावातून जात काढणे हे मोठे काम होते आणि महाराष्ट्राने ते केलेले नाही. पण शैव पंचकृत्यांच्या यादीतही संहार वेगळा आणि तिरोधान, म्हणजे झाकणे, वेगळे मोजलेले आहे. ती यादी करणाऱ्यांना फरक माहीत होता.

‘नाहीसे’ला मराठीत हाच दोष आहे, आणि दुसरे कारण म्हटले ते हेच. नाहीसे म्हणजे संपले असेही आणि दिसेनासे झाले असेही. खिशातला रुमाल नाहीसा होतो तेव्हा तो कुठेतरी असतोच. ‘आता जात कुठे राहिलीय?’ असे सुशिक्षित मराठी घरांतून जे ऐकू येते, त्यात जात याच अर्थाने नाहीशी झालेली असते: बोलणाऱ्याला दिसत नाही. त्या माणसाच्या हाती ‘जात नाहीशी करणे’ हे नाव दिले तर त्याला काम उरकल्याचाच भास होईल. ‘निर्मूलन’ निवडणाऱ्या भाषांतरकारांनी कदाचित हा धोका ओळखला होता. मुळे उपटलेली तरी दिसतात.

तरीही मी हाच शब्द घेते, एका अटीवर. मराठीत होणे आणि करणे यांतला फरक राखायचा. तमिळमध्येही तो आहे: ‘ओऴिग’ या घोषणेत कर्ता नाही, पण शीर्षकातल्या ‘ओऴिक्क’मध्ये कर्ता लागतो. बाबासाहेबांच्या इंग्रजी नामात तो दिसत नाही, तमिळने तो पुढे आणला, आणि त्यासोबत ‘वऴि’ही, म्हणजे वाट, साधन, उपाय. एका अमूर्त नामाचे त्यांनी कामाचे वाक्य केले. नाव बदलले हे खरेच, पण पुस्तकाच्या उत्तरार्धात ‘कसे’ हा प्रश्न ज्या आग्रहाने येतो तो पाहता हा बदल पुस्तकाच्या बाजूचा आहे. तिन्ही मराठी शीर्षकांपेक्षा मला तो जवळचा वाटतो.

राहता राहिला ‘वऴि’. ‘जात नाहीशी करण्याची वाट’ असे सुरुवातीला लिहून पाहिले. मराठीत वाट चालतातही आणि पाहतातही, आणि जातीच्या बाबतीत पाहण्याची सवय जास्त आहे. ‘मार्ग’ म्हटले की भक्तिमार्ग आठवतो. बाबासाहेब त्या भाषणात रोग आणि इलाज यांची भाषा बोलतात, हिंदू समाजाला आजारी म्हणतात. म्हणून हातातल्या तमिळ निबंधाच्या मसुद्यात सध्या ‘जात नाहीशी करण्याचा उपाय’ असे आहे, आणि त्याच्याआधी तमिळ नाव देवनागरीत, ऴखालच्या टिंबासकट. मुद्रितशोधनात ती टिंबे दोनदा गळून आली.